अर्ध्या गोष्टींच्या बाई

माझ्या नॉटिंगहॅमच्या घरमालकीणबाई रोज सकाळी स्वतःच्या डोक्याला गुड मॉर्निंग म्हणायच्या. आरशात बघून नव्हे. किचनच्या सिंकपाशी उभं राहायचं, नळाचं पाणी वाटीत घ्यायचं, दोन बोटं भिजवून टाळूवर टेकवायची आणि योरुबा भाषेत काहीतरी पुटपुटायचं. मग चहा. मी त्यांच्याकडे राहायला गेले त्याच्या दुसऱ्याच सकाळी हे पाहिलं आणि टोस्टरमधला ब्रेड वर येईपर्यंत नवं घर शोधावं का, याचा गंभीर विचार केला. बाईंनी मागे न बघताच विचारलं, "तू म्हणालीस का तुझ्या डोक्याला गुड मॉर्निंग?"

"नाही."

"मग ते दिवसभर तुझं काम कशाला करेल, डक?"

'डक' हे नॉटिंगहॅमचं. इथे बस ड्रायव्हरपासून डेंटिस्टपर्यंत सगळे समोरच्याला बदक म्हणतात आणि त्यात प्रेमच असतं. बाई मूळच्या नायजेरियाच्या, इबादानजवळच्या गावातल्या. पण सगळी नोकरी इथल्या हॉस्पिटलात वॉर्ड सिस्टर म्हणून झालेली, त्यामुळे त्यांच्या इंग्लिशला दोन्ही गावांची चव होती. दटावताना गावाकडची, समजूत घालताना इथली.

त्यांच्या म्हणण्याप्रमाणे वर एक कुंभार बसलेला असतो आणि तो नुसती डोकी घडवतो. काही नीट भाजलेली, काही कच्ची. जन्माला यायच्या आधी प्रत्येकाने तिथे जाऊन आपापलं डोकं उचलायचं आणि खाली यायचं. म्हणून माणसाचा सगळ्यात जवळचा देव म्हणजे त्याचं डोकं. बाकीचे देव नंतर. "बाकीच्यांना कामं असतात," त्या म्हणायच्या. "डोकं तर तुझ्या खांद्यावर बसून आहे. आधी त्याला विचार."

मी चिपळूणकडची, बौद्ध. आमच्या घरात देव नाही, नवस नाही, अंगात येणं नाही, श्राद्ध नाही. बावीस प्रतिज्ञा आईने मला पाढ्यांच्या आधी शिकवल्या. असलं काही दिसलं की माझ्या कपाळाला आपोआप आठी पडायची. पण देव सोडून स्वतःचं डोकं पुजायचं ही भानगड कोणत्या प्रतिज्ञेत बसते तेच मला कळेना. मी फोनवर आईला विचारलं. आई म्हणाली, "पाणीच लावते ना? लावू दे. थंड राहील. तू वेळेवर जेवत जा."

युनिव्हर्सिटीच्या आयटीतल्या नोकरीचा माझा इंटरव्ह्यू होता त्या सकाळी बाईंनी मला दारात अडवलं आणि मी नको नको म्हणत असताना माझ्या ब्लो-ड्राय केलेल्या केसांवर वाटीतलं पाणी थापलं. ओल्या टाळूने मी पॅनलसमोर बसले. नोकरी मिळाली. मी त्यांना थँक यू म्हणायला गेले तर त्या चिडल्या. "मला कशाला? ज्याने उत्तरं दिली त्याला म्हण." मला त्यांच्यादेखत माझ्या डोक्याला थँक यू म्हणावं लागलं. आमच्या सगळ्या खानदानाच्या विवेकवादाचं त्या मिनिटाला काय झालं ते सांगत नाही.

बाई रोज उंबऱ्यावर पाणी ओतून आपल्या गेलेल्या माणसांची नावं घ्यायच्या. उन्हाळ्यात ते खपून जायचं. एका जानेवारीत मात्र ते पाणी गोठलं आणि पोस्टमन त्यावरून घसरून सपशेल आडवा झाला. बाईंनी त्याला आत आणलं, गुडघा बांधला, चहा दिला आणि बोलता बोलता त्याच्या तोंडून त्याच्या गेलेल्या माणसांचीही नावं काढून घेतली. तेव्हापासून हिवाळ्यात पाणी जिरेनियमच्या कुंडीत. मी विचारलं, "तुमच्या वडिलांना चालतं का हे?" तर म्हणाल्या, "पोस्टमनची तंगडी मोडण्यापेक्षा त्यांना कुंडी चालेल. भला माणूस होता."

नदीच्या देवीला मध लागतो. गावात त्यांची स्वतःची नदी होती, इथे ट्रेंट. ट्रेंटच्या काठी कौन्सिलची पाटी, पाण्यात काही टाकू नका. बाई नियम मोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. चमच्यात मध घ्यायच्या, आधी स्वतः चाखायच्या, मग बोट मधात बुडवून ते नुसतं पाण्याला लावायच्या. इथल्या बदकांना डायबेटिस व्हायला नको, म्हणायच्या. चौरस्त्यावरच्या देवाचं ठाणं त्यांनी रिंग रोडच्या आयलंडला दिलं होतं, म्हणजे राउंडअबाउटला. गाडी आत घालण्याआधी त्या थांबून मान तुकवायच्या आणि मागचा माणूस हॉर्नवरून हात काढायचा नाही.

हे सगळं त्या पडदे लावून करत नव्हत्या. उलट कोणी विचारलं की हातातलं काम टाकून समजावून सांगायच्या. "गुपित फक्त कार्डाच्या पिनला," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दर शनिवारी दुपारी त्यांच्या पुढच्या खोलीत दहा-बारा माणसं जमायची. कोणाचीही दीक्षा नाही, कोणावर बंधन नाही, कोंबडं-बकरं काही नाही. निवृत्त झालेले एक जमैकन बस ड्रायव्हर असत, ज्यांना मी काका म्हणायचे. शेजारची पोलिश बाई असे. बाईंच्या हाताखाली शिकलेल्या दोन-तीन नर्सेस. नवरा गेल्यावर बाईंचं चर्च सुटलं होतं, पण जुने पाद्रीसाहेब मधूनच चहाला यायचे आणि केक संपेपर्यंत बसायचे.

शनिवारी व्हायचं काय, तर बाई गोष्टी सांगायच्या. अर्ध्या.

त्याचं असं, की त्यांचे वडील गावातले मोठे जाणकार. लोक लांबून त्यांच्याकडे प्रश्न घेऊन यायचे. वडील कौल लावायचे आणि जो कौल पडेल त्याची कवनं म्हणायचे. प्रत्येक कवनात एक गोष्ट. कोणीतरी संकटात सापडलं, विचारायला आलं, त्याला एक गोष्ट करायला सांगितली, त्याने ती केली किंवा नाही केली, आणि मग पुढे असं असं झालं. अशी शेकडो. वडिलांनी ती सगळी मुलाला शिकवली, बाईंच्या थोरल्या भावाला. मुलगी म्हणून बाई दाराबाहेर. पाहुण्यांना पाणी नेऊन द्यायचं आणि दाराशी बसून भोपळ्याच्या बिया सोलायच्या. दाराआडून येईल तेवढं कानात साठवायचं. आणि नेमकी गोष्ट रंगात आली की स्वयंपाकघरातून आईची हाक यायची. त्यामुळे बाईंना सुरुवाती ढीगभर पाठ होत्या आणि शेवट जवळजवळ एकही नाही.

दुसरं कोणी असतं तर गप्प बसलं असतं, नाहीतर शेवट रचून ठोकून दिले असते. बाईंनी त्या अर्धेपणाचीच पद्धत केली. "एक बाई बाजाराला निघाली होती," त्या सुरू करायच्या. "तिला सांगितलं, निघण्याआधी घरातली सगळ्यात लाडकी वस्तू दारात ठेवून जा. तिने..." आणि थांबायच्या. "इथे माझ्या आईने हाक मारली. आता पुढचं तुम्ही बघा." मग एकेकाने आपापला शेवट करायचा. काका म्हणाले, तिने नवऱ्याला दारात बसवलं आणि परत आली तर त्याला कोणी नेलेलंसुद्धा नव्हतं. सगळे हसले. पोलिश बाईंनी शेवट करायला सुरुवात केली आणि मध्येच रडल्या. मी म्हणाले, ती बाजारालाच गेली नाही. बाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तू घरी कधी गेली होतीस शेवटची?"

मला राग आला होता. दुसऱ्याच्या घरात राहून दुसऱ्याच्या देवांच्या गोष्टी ऐकायच्या आणि वर हे. पण पुढच्या शनिवारी मी पुन्हा तिथेच होते. आमच्या कोकणात दर आठवड्याला कोणी मला असं धरून प्रश्न विचारला असता तर मी घर सोडून पळाले असते. इथे मी त्याची वाट बघायला लागले होते.

एकदा लंडनहून एक तरुण आला होता, नायजेरियाला जाऊन रीतसर दीक्षा घेतलेला, गळ्यात-मनगटात मणी. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, "ममा, विथ रिस्पेक्ट, हे वाटून टाकायचा तुम्हाला अधिकार नाही. हे बंद दाराआडचं आहे. लोकांनी यासाठी आयुष्यं दिलीत."

बाईंनी त्याच्या बशीत आणखी एक केकचा तुकडा ठेवला. "बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या. "पण दाराबाहेर जेवढं आलं तेवढं माझं आहे ना? मी तेवढंच देते. अर्धंच."

तो निघून गेल्यावर मात्र त्या बराच वेळ कपबशा विसळत राहिल्या. कारण हेच वाक्य त्यांना आधी भावाने ऐकवलेलं होतं. कोणीतरी शनिवारचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकला होता आणि तो फिरत फिरत इबादानला पोचला होता. वडिलांच्या गादीवर आता भाऊ होता. त्याने फोन करून सांगितलं, तू बापाचं दार उखडून विलायतेत नेलंस. यापुढे तू मला बहीण नाहीस. त्यानंतर कित्येक वर्षं फोन नाही. मी त्या घरात गेले तेव्हा हा अबोला मुरलेला होता आणि बाई त्याबद्दल हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलायच्या.

त्यांना भावाकडून वडिलांची गादी नको होती, कवनांचे शेवटही नको होते. त्यांना फक्त एक हाक हवी होती.

योरुबा लोकांत प्रत्येकाची एक हाक असते. नुसतं नाव नव्हे. नावाच्या पुढे कुळाचं, गावाचं, आजा-पणजाचं, जन्मवेळेचं कौतुक ओवलेलं लांबलचक लाडाचं बोलणं. सकाळी मूल पाया पडायला आलं की घरातलं मोठं माणूस ते म्हणतं. आपल्याकडे आई लाडात येऊन 'माझी बाय ती' म्हणते ना, त्याला शंभराने गुणा. बाई म्हणायच्या की ते ऐकताना डोकं जागं होतं, वर येतं. आपण कुंभाराकडून काय उचलून आणलं होतं ते त्याला आठवतं. बाईंची हाक त्यांची आत्या म्हणायची. आत्या गेली, आई गेली, वडील गेले. आता ती पूर्ण येणारा पृथ्वीवर एकच माणूस उरला होता आणि तो बोलत नव्हता.

"तुम्हाला येत नाही का?" मी विचारलं.

"सुरुवात येते."

"मग तेवढी स्वतःच म्हणा."

"स्वतःला गुदगुल्या करून बघ," बाई म्हणाल्या. "होतात का?"

त्यांचा मुलगा ब्रिस्टलला, विमानाच्या इंजिनांचा इंजिनिअर. गुणी मुलगा, पण योरुबाचा एक शब्द येत नाही. त्या काळी डॉक्टर आणि शिक्षक सांगायचे की घरी इंग्लिशच बोला, मुलाचा गोंधळ होईल. बाईंनी ऐकलं. माझ्यासमोर त्यांनी कधी कोणाला दोष दिला नाही, पण मुलाचा फोन ठेवल्यावर त्या काही वेळ एकट्याच योरुबात बोलत फिरायच्या, भांड्यांशी, खिडकीशी. घरात माणूस असून बोलायला माणूस नसणं म्हणजे काय, हे मी तेव्हा ऐकलं. मला माझी आई हवीशी वाटायची. मी तिला बोलावून घेतलं.

आई उन्हाळ्यात व्हिजिटर व्हिसावर आली. बाईंनी तिला हॉटेलचं नावही काढू दिलं नाही. बॉक्स रूममधली इस्त्री-बिस्त्री हलवून कॉट टाकली. दोघींमध्ये भाषेची अडचण आली नाही, कारण दोघींनी इंग्लिश वापरायचंच नाही असं जणू ठरवलं होतं. आई मराठीत बोलायची, बाई योरुबात, मटार सोलून व्हायचे. मी मध्ये पडून भाषांतर करायला लागले की दोघींना व्यत्यय वाटायचा.

एकदाच माझी गरज लागली. बाईंनी दाराआडच्या कवनांची हकीकत सांगितली आणि मी ती आईला मराठीत सांगितली. आईने हातातली शेंग खाली ठेवली. तिच्या लहानपणी गावच्या देवळात कौल लागायचा, मानकरी गाऱ्हाणं घालायचे. आमच्या माणसांनी देवळाच्या दगडी गडग्याबाहेर उभं राहायचं. आई पोरवयात तिथे उभी राहून ऐकायची. मग तिच्या वडिलांनी ते सगळं सोडलं, ढोल वाजवायला जाणंही बंद केलं आणि पोरांना बजावलं, त्या बाजूला फिरकायचं नाही.

"बरोबर केलंन त्यांनी," आई म्हणाली. "जिथे आत घेत नाहीत तिथे ऐकायला तरी कशाला उभं राहायचं? सांग त्यांना."

मी सांगितलं. बाई म्हणाल्या, "मी उभी राहिले. पाय दुखेपर्यंत. तिला विचार, काय म्हणायचे ते आठवतं का?"

आई म्हणाली, "नाही." ते खरं नव्हतं आणि ते आम्हा दोघींनाही कळलं. बाईंनी तिच्यापुढे आणखी मटार सरकवले.

जुलैमध्ये बाईंच्या गावाहून परतलेल्या कोणी ओळखीच्या बाई दारात एक पुडकं देऊन गेल्या. ओल्या पानांत गुंडाळलेल्या कोलाच्या बिया. सुपारीपेक्षा मोठ्या, गुलाबी-पांढऱ्या. भावाने पाठवलेल्या, वडिलांच्या अंगणातल्या झाडाच्या. सोबत निरोप नाही, काही नाही. बाई त्या पुडक्याकडे बघत पायरीवरच बसल्या.

त्यांच्याकडे कोला देणं म्हणजे पाहुण्याला आत घेणं. पण निरोप नव्हता, म्हणून बाईंना अर्थ लावता येईना. आत ये म्हणतोय, की नुसती म्हाताऱ्या बहिणीची कीव? त्याच बियांनी कौल लावतात. बी हाताने उकलायची, तिच्या चार पाकळ्या होतात; त्या टाकायच्या. दोन उताण्या, दोन पालथ्या पडल्या की होकार. बाईंनी ठरवलं की शनिवारी सगळ्यांसमोर कौल लावायचा आणि विचारायचं, भावाला फोन करू का? तोवर पुडकं फ्रिजच्या भाजीच्या खणात. त्या आठवड्यात त्यांनी डोक्याला एवढं पाणी लावलं की त्यांना सर्दी झाली.

शनिवारी दुपारी सगळे जमले. पांढरा कपडा अंथरला, मध्ये लाकडी थाळी ठेवली. बाई फ्रिजकडे गेल्या आणि रिकाम्या हातांनी परत आल्या. "पुडकं?" त्यांनी मला विचारलं. मी आईला विचारलं.

आईचा चेहरा खुलला. ती लगबगीने वर गेली आणि बॉयलरच्या कपाटातून ताट घेऊन आली. पानं काळी पडली होती, तिने सांगितलं, सगळं सडून जायला लागलं होतं. म्हणून तिने पहाटेच एकेक बी पुसली, ओली सुपारी कातरतात तशी सुरीने पातळ कातरली आणि उबेला वाळत टाकली. मस्त वाळली होती. आता वर्षभर टिकेल म्हणाली.

ताटात नुसत्या तांबूस चकत्या होत्या. उताणं काय आणि पालथं काय, एकही पाकळी शिल्लक नव्हती. मुळात त्या बीला सुरी लावायचीच नसते. काकांनी डोक्यावरची टोपी काढली. मी आईला हळू आवाजात सांगितलं की या बिया काय होत्या. आई ताट धरून उभीच राहिली. "मला काय ठाऊक," ती म्हणाली. "मला वाटलं, बाईंचं नुकसान होतंय."

बाई ताटाकडे बघत होत्या. मग त्यांनी एक चकती उचलली आणि तोंडात टाकली. चावत राहिल्या. कोला कडू असतो. त्यांचं तोंड वाकडं झालं. त्यांनी दुसरी चकती आईला दिली. आईनेही ती मुकाट्याने चावली.

"तिला सांग," बाई मला म्हणाल्या, "की मी या बियांना विचारणार होते, भावाला फोन करू का म्हणून. आता विचारायला कोणी उरलं नाही."

मी सांगितलं. आईला वाईट वाटत होतं, पण हे ऐकल्यावर तिच्यातली जुनी आई जागी झाली. "भावाला फोन करायला बियांना काय विचारायचं?" ती म्हणाली. "भाऊ जिता आहे ना?"

मी हेही सांगितलं, थोडं मऊ करून. बाईंना मऊ केलेलं कळलं. "नीट सांग. काय म्हणाली?" मग मी शब्दाला शब्द सांगितलं. बाई हसायला लागल्या. बराच वेळ हसल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "एवढी वर्षं झाली, कोणीच मला हे विचारलं नाही."

त्यांनी तिथेच फोन लावला, स्पीकरवर. सोफ्याच्या उशीवर फोन ठेवला आणि दोन्ही गुडघ्यांची बोंब असलेल्या त्या बाई फोनसमोर कार्पेटवर गुडघे टेकून बसल्या. थोरल्या भावाशी बोलताना गुडघे टेकतात. समोर भाऊ नव्हता, फोनचा काळा चौकोन होता, तरी टेकले. पलीकडून एका म्हाताऱ्याचा आवाज आला. मला एक अक्षर कळलं नाही. बाईंचा आवाज आधी वॉर्ड सिस्टरचा होता, मग नव्हता. शेवटी त्यांनी एकच छोटं वाक्य दोनदा म्हटलं. मग तो थोडंसं बोलला आणि फोन बंद झाला.

"मी म्हटलं, मला हाक मार," बाईंनी आम्हाला सांगितलं. "तो म्हणाला, यंत्रात नाही मारणार. ये."

"हे काय बोलणं झालं?" काका भडकले. "तुमचं सगळं तर नळाच्या पाण्यावर चालतं. पोस्टमनला चालतं, कौन्सिलला चालतं. त्याला एक फोन चालत नाही?"

"मीपण मनात तेच म्हणाले," बाई म्हणाल्या. आम्ही त्यांना उठवायला हात दिले.

हार्टच्या डॉक्टरांनी विमानाला साफ नकार दिला होता. एवढा प्रवास तुमचं हृदय पेलणार नाही, म्हणाले होते. तरी बाईंनी जायचं ठरवलं. मुलगा ब्रिस्टलहून आला आणि किचनमध्ये आईवर पहिल्यांदा ओरडला. "मम, यू कुड डाय ऑन दॅट प्लेन! कशासाठी? चार ओळींसाठी?" बाई त्याला म्हणाल्या, "चार नाहीत रे. खूप आहेत. आठवत नाहीत म्हणून तर." मग तो टेबलावर डोकं टेकून बसला आणि म्हणाला, "निदान रेकॉर्ड तरी कर. माझ्यासाठी. माझ्याकडे तर काहीच नाही."

बाईंनी सगळ्यांसमोर कबूल केलं. हाक पूर्ण रेकॉर्ड करायची आणि शनिवारच्या ग्रुपवर टाकायची. ज्याला हवी त्याने ऐकावी, ज्याला हवी त्याने आपल्या पोरांना ऐकवावी. कुलपात काही ठेवायचं नाही. काकांनी बाईंना त्यांच्या फोनवर रेकॉर्डिंग कसं करायचं ते शिकवलं, पुन्हा पुन्हा, बाई कंटाळेपर्यंत.

आई सप्टेंबरात परत गेली. निघताना दोघी एकमेकींना धरून दारात उभ्या राहिल्या आणि आपापल्या भाषेत एकाच वेळी बोलत राहिल्या. टॅक्सीवाला थांबून राहिला. नोव्हेंबरात बाई इबादानला निघाल्या. सकाळी मी त्यांच्यासाठी वाटीत पाणी भरून ठेवलं होतं. त्यांनी आधी माझ्या टाळूला लावलं, मग स्वतःच्या. मी रडायचं नाही असं ठरवून त्यांची बॅग टॅक्सीत ठेवली. त्या गेल्यावर रडलेच.

पोचल्याचा मेसेज आला. मग आठवडाभर काही नाही. शनिवारी लोक सवयीने जमले, कोणालाच गोष्ट सुरू करता येईना, केक खाऊन गेले. मुलगा मला रोज फोन करून विचारायचा, काही आलं का?

मग एका दुपारी मी ट्रॅमच्या स्टॉपवर उभी असताना ग्रुपवर मेसेज आला. 'त्याने हाक मारली. सगळी मारली. रेकॉर्डिंग नाही.'

ग्रुपवर गोंधळ उडाला. काकांनी लिहिलं की म्हाताऱ्याने बंदी घातली असणार, शेवटी दार ते दारच. मी ट्रॅम सोडली आणि बाईंना फोन लावला. मागे कोंबडे आरवत होते, कोणी भांडी घासत होतं.

"भावाने नको म्हटलं का?" मी विचारलं.

"नाही गं. तोच म्हणाला, कर रेकॉर्ड. तुझं सगळं उघडंच असतं, हेही कर." बाईंचा आवाज मी ओळखत होते त्यापेक्षा हलका होता.

"मग? तुमचा मुलगा वाट बघतोय. त्याला काय सांगू?"

"त्याला म्हणावं, ये. त्याचीही हाक आहे इथे, मामाला येते."

"आणि तुमची?"

मी स्टॉपवर उभी राहून फोन कानाला इतका दाबला की कान दुखायला लागला. मला ती हाक ऐकायची होती. एक अक्षर कळणार नव्हतं, माझी नव्हती, तरी हवी होती.

"फोन माझ्या हातातच होता, डक," बाई म्हणाल्या. "काकांनी शिकवलं तसा बरोबर धरला होता. पण तो म्हणायला लागला आणि मी पाच-सहा वर्षांची झाले. आता तूच सांग, तेवढ्या पोरीकडे फोन कुठून असणार?"